अल्बेरुनीचा तराजू

रोह्याहून संध्याकाळी दिव्याकडे निघणारी गाडी नागोठणे सोडते आणि कासूच्या आगेमागे कुठेतरी रोजा सोडायची वेळ होते. रमजानच्या महिन्यात डब्यातले माझे रोजचे सोबती माझ्याआधी घड्याळ पाहतात. कुणी खजुराचा डबा उघडतो, कुणी पाण्याची बाटली पुढे करतो. मागच्या आठवड्यात असाच इफ्तार उरकल्यावर आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी समोर येऊन बसला आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड काढून त्याने माझ्या हातात दिला. त्याचे वडील घाटाकडच्या एका दगडखाणीवर कामाला आहेत. सुरुंग उडवल्यावर निघालेला हा तुकडा क्रशरमध्ये जाण्याआधी त्यांच्या नजरेस पडला. खडीच्या कामाचा नाही म्हणून मालकाने तो घरी नेऊ दिला. बाहेरून साधा काळा कातळ, पण आत मुठीएवढी पोकळी, आणि त्या पोकळीत काचेसारखे पाणीदार स्फटिक दाटीवाटीने उभे. त्यांच्या बुडाशी फिकट गुलाबी, पाकळ्यांसारखे काहीतरी पसरलेले.

डब्यात लगेच मते पडली. एकाच्या मते तो कच्चा हिरा होता. दुसऱ्याने गारगोटी म्हणून फेकून द्यायला सांगितले. एका काकांनी असली वस्तू कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय घरात ठेवू नये असे बजावले, तर माझ्याच समाजातल्या एका गृहस्थांनी हा बरकतीचा दगड असल्याचे जाहीर केले. खाणीवर येणाऱ्या एका खरेदीदाराने पाचशे रुपये देऊ केले होते आणि पोराला पुढच्या सत्राची फी भरायची होती. द्यावा की न द्यावा, एवढाच त्याचा प्रश्न. तो त्याने मला विचारला. मी शिकवतो इतिहास. दगडातले मला काय कळणार? पण ज्याला कळत होते असा एक माणूस मला ठाऊक होता. त्याला जाऊन हजार वर्षे होत आली.

अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी. शाळेच्या पुस्तकात तो गझनीच्या महमूदाबरोबर आलेला एक प्रवासी म्हणून दोन ओळींत भेटतो आणि निघून जातो. त्याचा जन्म ९७३ सालचा, मध्य आशियातल्या ख्वारिझम प्रांतातल्या काथ शहरालगतचा. आज हा भाग उझबेकिस्तानात येतो. फारसीत बेरून म्हणजे बाहेर. उर्दूतही परदेशाला बैरून-ए-मुल्क म्हणतात. वेशीबाहेरच्या वस्तीतला म्हणून हा बेरुनी. हे नाव त्याला आयुष्यभर पुरले, कारण ज्या ज्या दरबारात तो राहिला तिथे तो थोडासा बाहेरचाच राहिला.

राजघराण्यातला एक गणिती, अबू नस्र मन्सूर, त्याला गुरू म्हणून लाभला. सतराव्या वर्षी या मुलाने सूर्याची उंची मोजून आपल्या शहराचे अक्षांश काढले होते. पण ९९५ साली ख्वारिझमात सत्तेसाठी लढाई पेटली, गुरूचे घराणे गादीवरून गेले आणि तरुण अल्बेरुनीला गाव सोडून पळावे लागले. पुढची काही वर्षे हालाची गेली. मग कॅस्पियन समुद्राजवळच्या गुर्गान इथे काबूस नावाच्या राजाने त्याला आसरा दिला. तिथे सन १०००च्या सुमारास त्याने वेगवेगळ्या लोकांच्या कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला. ज्यू, ख्रिस्ती, पारशी, मुसलमान, सगळ्यांची वर्षे, महिने आणि सण त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. कोणाचे खरे, कोणाचे खोटे यापेक्षा कोण कसे मोजतो, याची त्याला जास्त ओढ होती.

ख्वारिझमात शांतता झाल्यावर तो परतला आणि तिथल्या नव्या राजाच्या दरबारात मानाने राहिला. पण १०१७ साली महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेले. त्यात अल्बेरुनी होता. कैदी म्हणून नेला की दरबारी म्हणून, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. नाही म्हणण्याची सोय नव्हती, हे मात्र नक्की.

इथून पुढचा भाग वर्गात शिकवताना मला दरवर्षी घसा साफ करावा लागतो. गझनीचा खजिना रत्नांनी भरला होता, आणि त्यातला मोठा वाटा हिंदुस्थानातल्या देवळांतून आणि राजवाड्यांतून लुटून आणलेला होता. १०२६ साली सोमनाथ लुटले गेले. ज्या माणिक-पाचूंचे अल्बेरुनीने पुढे इतके बारकाईने वर्णन केले, त्यातले किती या वाटेने आले असतील? वर्गातल्या एका बाजूच्या बाकांना वाटते, सर आता महमूदाला सांभाळून घेणार. दुसऱ्या बाजूच्या बाकांना वाटते, सर आता आपल्याला खाली पाहायला लावणार. मी फक्त अल्बेरुनीने काय लिहिले ते सांगतो. महमूद १०३० साली वारला, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांतच पूर्ण झालेल्या हिंदुस्थानावरच्या ग्रंथात, त्याच घराण्याच्या राज्यात राहून, त्याने नोंदवून ठेवले की महमूदाने या देशाची भरभराट धुळीला मिळवली, लोक दाही दिशांना विखुरले, आणि म्हणूनच त्यांच्या मनात मुसलमानांविषयी कमालीचा तिटकारा बसला. इथल्या विद्या जिंकलेल्या मुलखातून उठून दूर गेल्या, असेही त्याने लिहिले. इथल्या पंडितांच्या गर्वावरही त्याने टीका केली आहे, तीही मी वगळत नाही. त्याने कोणाचीच भीड ठेवलेली नाही.

हा ग्रंथ लिहिता यावा म्हणून चाळिशी उलटल्यावर तो संस्कृत शिकला. माझ्या वयाला नवी लिपी शिकणे काय असते ते मी जाणतो! पतंजलीचे योगविचार त्याने अरबीत नेले. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी शिकून घेतली होती, तेव्हा पेणकरांना ही गोष्ट परकी वाटू नये.

अल्बेरुनी स्वतः पंजाब आणि मुलतानच्या पुढे फारसा आला नाही. तरी त्याच्या पुस्तकात आपण आहोत. धार शहरावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेची अंतरे देताना त्याने मरहट्ट देश आणि त्यापुढचा कोकण नोंदवला आहे, आणि कोकणाची राजधानी म्हणून समुद्रकाठचे ठाणे दिले आहे. वाटसरू आणि व्यापारी यांना विचारून त्याने ही माहिती जमवली असणार.

त्याच ग्रंथात दगडांविषयीचा एक उतारा आहे, आणि तो वाचला की मला कुंडलिका नदी दिसते. त्याने पाहिले की डोंगराजवळ नद्या जोरात वाहतात तिथले गोटे मोठे असतात, डोंगरापासून दूर जावे तसे ते लहान होत जातात, आणि नदी मंदावून समुद्राकडे पोचते तिथे नुसती वाळू उरते. यावरून त्याने अंदाज बांधला की उत्तर हिंदुस्थानचे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरत गेले असावे. आपल्याकडे भिऱ्याच्या बाजूला नदीतले धोंडे पाहा, मग कोलाडचे गोटे पाहा, रोह्याला पुलाखाली उतरा आणि शेवटी रेवदंड्याच्या खाडीतला चिखल तुडवा. मी या नदीकाठी वाढलो, पण गोट्यांच्या आकारात काही लिहिलेले आहे हे मला गझनीच्या माणसाने सांगितले.

मोजणे हा त्याचा खरा छंद. पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर उभे राहून त्याने क्षितिज किती खाली झुकते ते मोजले आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. ती आजच्या आकड्याच्या बरीच जवळ जाते. गझनीहून किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, नेमकी कुठे येते हे काढण्यासाठी त्याने आणखी एक पुस्तक लिहिले. नमाजाच्या वेळा सावलीवरून कशा ठरवायच्या यावरही त्याचे लेखन आहे आणि त्यात एक मजेदार आठवण येते. एका मुअज्जिनाला त्याने वेळ काढायचे एक साधन दाखवले. त्यावर रोमी महिने कोरलेले आहेत म्हणून मुअज्जिनाने ते मशिदीत घ्यायला नकार दिला. त्यावर अल्बेरुनीने त्याला सुनावले की रोमी लोक जेवतात आणि चालतातही, मग तेही सोडून दे. घड्याळावर इफ्तार करणाऱ्या आपल्या पिढीने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता दगडांकडे येतो. त्याचा जवाहिरांवरचा ग्रंथ, किताब-उल-जमाहिर, उतारवयातला आहे. महमूदाचा नातू मौदूद गादीवर असताना, म्हणजे १०४१ नंतर तो लिहिला गेला. त्या वेळी अल्बेरुनी सत्तरीकडे झुकला होता. माणिक, हिरा, मोती, पाचू, फिरोजा, अकीक, स्फटिक असे एकेक घेऊन तो सांगतो की हे कुठे सापडते, कसे दिसते, कोणत्या भाषेत काय म्हणतात, व्यापारी कसे फसवतात. रे शहरातले हसन आणि हुसेन हे दोन जवाहिरे भाऊ त्याच्या माहितीचा एक आधार होते. पुस्तकी पंडितापेक्षा ज्याच्या बोटांना दगडाची सवय आहे, त्याचे तो आधी ऐकतो.

पण ऐकलेले सगळे तो मानत नाही. त्या काळी ठाम समज होता की पाचू पाहिला की सापाचे डोळे फुटतात. मोठमोठ्या ग्रंथांत हे लिहिलेले होते. अल्बेरुनीने काय करावे? सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, डोळ्यांपुढे पाचू हलवून पाहिले. उन्हाळा-हिवाळा धरून नऊ महिने हा उद्योग चालला. सापाला काही झाले नाही. उलट त्याची नजर अधिक तेज झाली नसेल तर, असा शेराही त्याने मारून ठेवला आहे. पाऊस पाडणारा दगड म्हणून एका तुर्काने त्याच्याकडे काही आणले, तेव्हा त्याने आधी पाऊस पाडून दाखवायला सांगितले. पाऊस आला नाही.

या कोरडेपणामुळे तो रुक्ष होता असे कुणी समजू नये. स्फटिकावरचे त्याचे प्रकरण वाचताना हा माणूस तासन् तास एकेक खडा उजेडात धरून बसला असेल असेच वाटते. स्फटिकाच्या पोटात अडकलेली काडी, गवताचे पाते यांची तो दखल घेतो. बसऱ्यात स्फटिकाची भांडी घडवणारे कारागीर होते. त्यांच्यात एक माणूस असा असे की तो हत्याराला हातच लावत नसे. त्याच्यापुढे लहान-मोठे तुकडे मांडले जात आणि तो एकेक पाहून ठरवी की यातून प्याला निघेल, यातून ताटली, यातून आणखी काही. घडवणाऱ्यांच्या कितीतरी पट मजुरी त्याला मिळे. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात रंगकाम झालेल्या मूर्तींच्या रांगेपुढे डोळ्यांची आखणी करणारा कारागीर येऊन बसतो तेव्हा बाकीचे हात थोडे थांबतात. हे ज्याने पाहिले असेल, त्याला बसऱ्याचा तो माणूस चटकन ओळखू येईल.

त्याच ग्रंथाच्या सुरुवातीच्या प्रकरणांत सोन्याचांदीविषयी एक विचार आहे. सोने खाऊन भूक भागत नाही, अंगावर ओढून थंडी जात नाही. त्याला किंमत आहे ती माणसांनी आपसांत ठरवली म्हणून. मग ते देवघेवीत फिरत राहावे. जमिनीत पुरून ठेवणाऱ्या राजांचा त्याला राग आहे. रमजानात जकातीचा हिशेब करताना सोन्याचांदीवर ती द्यावी लागते, पण व्यापारासाठी नसलेल्या हिऱ्या-माणकांवर बहुतेक धर्मशास्त्र्यांच्या मते ती लागत नाही. हे ऐकून माझे काही हिंदू मित्र चकित होतात. अल्बेरुनीचा विचार वाचला की त्यामागची एक बाजू तरी उलगडते. सोने हा पैसा आहे, आणि खडा हा पाहण्याचा विषय आहे.

सांगतात की महमूदाचा मुलगा मसूद याला त्याने खगोलशास्त्रावरचा मोठा ग्रंथ अर्पण केला, तेव्हा सुलतानाने हत्तीवर लादता येईल एवढी चांदी पाठवली आणि अल्बेरुनीने गरज नाही म्हणून ती परत केली. गोष्टीत थोडे मीठ-मसाला असेल. पण रत्नांच्या ढिगाशेजारी आयुष्य काढलेल्या या माणसाने स्वतःसाठी साठा केल्याची कथा मात्र कुणीच रचलेली नाही.

त्याची सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे तराजू. दगड फोडायचा नाही, घासायचा नाही, जाळायचा नाही, आणि तरी तो कोणता हे सांगायचे. त्यासाठी त्याने एक निमुळते भांडे बनवले. भांडे पाण्याने भरायचे, त्यात वजन केलेला खडा सोडायचा, आणि नळीतून बाहेर पडलेले पाणी तोलायचे. पाण्याचे वजन आणि खड्याचे वजन यांचे प्रमाण प्रत्येक जातीचे ठरलेले असते. रत्नांसाठी त्याने नीलमाला शंभर धरले आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून पाहिले. गरम पाणी आणि थंड पाणी यांनी फरक पडतो हेही त्याच्या ध्यानात आले होते. त्याचे कित्येक आकडे आजच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांना लागून आहेत. या मापापुढे खडा देवळातला की बाजारातला, शुभ की अशुभ, हा प्रश्नच उरत नाही.

हा ग्रंथ शेकडो वर्षे हस्तलिखितांतच राहिला. १९३६ साली तो छापून निघाला तो कैरोत नव्हे, लंडनमध्येही नव्हे, तर आपल्या दख्खनच्या हैदराबादेत, दाइरतुल मआरिफ या संस्थेकडून.

अल्बेरुनी १०४८च्या सुमारास गझनीत वारला. शेवटी दिसणे आणि ऐकणे दोन्ही कमी झाले होते, तरी औषधींवरच्या ग्रंथाचे काम त्याने सोडले नव्हते. त्याच्या अखेरच्या घटकेची हकीकत जुन्या चरित्रकारांनी दिली आहे. एक कायदेपंडित समाचाराला आला. श्वास लागलेल्या अल्बेरुनीने त्याला आठवण करून दिली की आईकडच्या आजीच्या वारसाहक्काचा एक हिशेब आपल्यात अर्धा राहिला आहे. या अवस्थेत कशाला, असे पाहुण्याला वाटले. पण ते न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेले बरे, असे त्याचे म्हणणे पडले. पंडिताने हिशेब समजावला, अल्बेरुनीने तो पुन्हा म्हणून दाखवला. पाहुणा घराबाहेर पडून रस्त्याला लागला तोच मागून रडण्याचा आवाज आला.

आपल्या पायाखालच्या दगडाविषयी त्याला माहिती असणे शक्य नव्हते. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचा हा काळा कातळ तयार झाला. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या खनिजयुक्त पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेसाठी डोंगर कापला गेला तेव्हा असे स्फटिक निघाले आणि परदेशी संग्रहालयांत गेले. आज पुणे, जळगाव, नाशिककडच्या खाणींतले नमुने जगभरचे शौकीन जपून ठेवतात. सिन्नरजवळ तर गारगोटी नावाचे संग्रहालयच आहे. यातला झिओलाइट नावाचा वर्ग तापवला की उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून १७५६ साली एका स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला उकळता दगड अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. आपण मात्र या सगळ्याला सरसकट गारगोटी म्हणतो आणि खडीबरोबर रस्त्यात घालतो.

पोराच्या दगडातला एक स्फटिक पिशवीतच निखळून पडला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो घेऊन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या सहकाऱ्यांनी हसत हसत तराजू मोकळा करून दिला. हवेत वजन भरले ४.७ ग्रॅम. मग दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबता ठेवला, २.७ ग्रॅम. म्हणजे घट दोन ग्रॅमची, आणि भागाकार २.३५. हिरा असता तर साडेतीन आले असते, गारगोटी असती तर २.६५. सहकाऱ्यांनी तक्ता काढला, स्फटिकाचे चौकोनी अंग आणि टोकाचा मोत्यासारखा तकवा पाहिला आणि नाव सांगितले, अ‍ॅपोफिलाइट. खालच्या गुलाबी पाकळ्या बहुधा स्टिलबाइटच्या.

किंमत किती, हे पोराने लगेच विचारले. ते तराजूत येत नाही, एवढेच मला सांगता आले. खरेदीदार येत्या जुम्म्याला पुन्हा खाणीवर येणार आहे. पोराने दगडाचे नाव वहीत दोनदा लिहून घेतले आहे, आणि त्याचे वडील आता सुरुंगानंतरचा ढीग लोडरने उचलण्याआधी एक चक्कर मारतात.